जोडलेले हात ही संमती न धरण्याबाबत

प्रति,
माननीय कार्यवाह श्री. मानसिंगराव मोहिते,
मालव-मराठी सेवा न्यास, मुख्य कार्यालय,
देवास

विषय : सभासदांनी समूहावर पाठवलेले जोडलेले हात ही संमती न धरणे व धार येथील वाचनालयाची पुस्तके रद्दीत न देणे (तिसरा अर्ज).

संदर्भ : १) आपली सूचना, दि. २ जून २०२५. २) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. ३) त्या दोन्हींवर आपल्याकडून आलेला उंचावलेला अंगठा.

महोदय,

१. अर्जदार भगवंत उमाशंकर पोतनीस, निवृत्त गणित शिक्षक, हा न्यासाचे धार येथील मराठी वाचनालय गेली एकोणीस वर्षे बिनपगारी सांभाळत आहे. येत्या रविवारी, २० जुलैस, रद्दीवाल्याचा टेम्पो येणार असून अठराशे चाळीस पुस्तके त्यात भरावीत आणि खोली मंडपाच्या सामानासाठी मोकळी करावी, असा आपला आदेश आहे.

२. या आदेशाचा पाया अर्जदारानेच घातला, हे कबूल करणे भाग आहे. ठराव अक्षरी नोंदवावा, असा न्यासाचा नियम. आपण सूचना सभासदांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकलीत आणि उत्तरादाखल एकही शब्द आला नाही, नुसती चित्रे आली. ती इतिवृत्तात लिहायची कशी, या पेचात आपण अर्जदाराला फोन केलात आणि नावे व चित्रे पाठवलीत. अर्जदार समूहात नाही. चित्रे कोणत्या सूचनेवर आली हे आपण सांगितले नाहीत, आणि नवे गणित मिळाल्याच्या आनंदात त्यानेही विचारले नाही. वाचनालयाच्या जुन्या डेस्कटॉपवर त्याने चार दिवस खपून एक साधा प्रोग्रॅम लिहिला. वरच्या चौकटीत चित्र टाकावे, खालच्या चौकटीत शब्द यावा. चित्रांच्या अर्थाचा तक्ता मात्र त्याने घरबसल्या, आपल्याच मनाने भरला. फूल म्हणजे अभिनंदन, हसरा चेहरा म्हणजे आनंद, जोडलेले हात म्हणजे संमती. एकसष्ट संमती निघाल्या. त्या कशाला होत्या, हे त्याला आदेश हाती पडल्यावर कळले.

३. काही सभासद हातांना गोरा-सावळा रंग देतात. संगणक तो रंग वेगळे चिन्ह समजतो, ही गोष्ट अर्जदाराला ठाऊक नव्हती. त्यामुळे तेरा नावांपुढे 'संमती' या शब्दानंतर एक रिकामा चौकोन छापला गेला. आपल्या कार्यालयाने काहीही न विचारता 'पैकी तेरा जणांची चौकोनासह संमती' असे इतिवृत्तात लिहून त्यावर शिक्का मारला. महोदय, चौकोनासह संमती म्हणजे काय, हे अर्जदाराला आजपर्यंत कोणी सांगू शकलेले नाही.

४. मग डोके ठिकाणावर आले. अर्जदार वही घेऊन दारोदार फिरला आणि ज्याने हात जोडले त्यालाच त्याचा अर्थ विचारला. बागलीच्या सौ. अल्पना म्हणाल्या, "काका, एवढं लंबं मराठी कोण पढत बसणार? मोठ्यांचा मेसेज आला की मी हात जोडून देते." बदनावर मंडीतले श्री. राजवीर म्हणाले, "सर, सच्ची बात सांगू का? मला वाटलं कुणीतरी वारलं." बहात्तर वर्षांच्या गणोजीरावांना सगळे समजले होते, तरी ते म्हणाले, "मानसिंगरावांना उलट कसं लिहायचं, भिया? हात जोडले की सुटलो." हिशेब असा, की सत्तेचाळीस जणांना सूचनेतल्या कार्यालयीन मराठीचा अर्थच लागला नव्हता, नऊ जणांना लागला पण भीड पडली, आणि चौघांना वाचनालय खरोखर बंद हवे आहे. उरला एक. त्याच्याकडे जाणे अर्जदार टाळत होता.

५. साठ जणांचा सुधारित तक्ता अर्जदाराने अर्जासह दोनदा आपल्या व्हॉट्सॲपवर सादर केला. दोन्ही वेळा आपला अंगठा आला. अर्जदाराने तो आपल्याच प्रोग्रॅममध्ये घालून पाहिला. 'ठीक आहे' असे उत्तर मिळाले. तो निर्धास्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी टेम्पोवाल्याने जिन्याची रुंदी विचारायला फोन केला. कार्यालयात चौकशी केली तेव्हा सांगण्यात आले, की साहेबांचा अंगठा म्हणजे साहेबांनी पाहिले, वाचले असे नव्हे. आता अर्जदाराने डोके आपटावे तरी कुठे?

६. उरलेला एक म्हणजे अर्जदाराचा मुलगा मनन. तो देवासच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. गेल्या शनिवारी अर्जदार अखेर त्याच्याकडे गेला. मनन म्हणाला, "बाबा, तुमच्या वाचनालयाचं नाव दिसलं, बाकी काही समजलं नाही. वाटलं तुमचा सत्कार ठेवलाय, म्हणून हात जोडले." अर्जदार एकोणीस वर्षे गावाला पुस्तके देत राहिला आणि पोटच्या पोराला एक पुस्तक कधी वाचून दाखवले नाही. याची लाज त्याला आपल्या आदेशाच्या रागापेक्षा मोठी वाटते, आणि रागही थोडाथोडका नाही.

७. सबब विनंती, की रविवारचा टेम्पो थांबवावा. देवासला सभा घेऊन आपली सूचना मोठ्याने, घरात बोलतो तशा मराठीत वाचून दाखवावी. त्यानंतर ज्यांना वाचनालय नको त्यांनी तसे तोंडाने सांगावे. अर्जदार ते ऐकून घेईल आणि किल्ली देईल. या अर्जाचे उत्तर मात्र शब्दांत द्यावे. एक शब्दही पुरेल.

आपला, अजून तरी नम्र,
भगवंत उमाशंकर पोतनीस
धार, दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१) एकसष्ट सभासदांचे जबाब, सहीनिशी.
२) प्रोग्रॅममधील चित्रांचा दुरुस्त तक्ता. जोडलेल्या हातांपुढची जागा कोरी ठेवली आहे.
३) चि. मनन याची लेखी हरकत. एवढे लिहायला त्याला अर्धा तास लागला. अर्जदाराने त्यात काहीही सुधारलेले नाही. मजकूर : "किताबं देऊ नका. मी अजून एक पण नाही वाचली."