पक्की न झालेली नोकरी

आई,

तीन रात्री झाल्या, मला झोप नाही. तुझ्या जावयाची, एव्हरेटची, कॉलेजातली नोकरी पक्की झाली नाही.

बाळ मजेत आहे, दोन दात आलेत. तुझा गुडघा कसा आहे? केंटकीत थंडी पडली का?

इथं सहा वर्षं झाली की नोकरी पक्की करायची का, यावर जुने प्रोफेसर दार लावून मतं देतात. एव्हरेट शिकवतो छान, असं सगळेच म्हणाले, पण स्वतः लिहिलेलं पुस्तक छापलेलं हवं. त्याचं अर्धवटच राहिलं, पोरांचे पेपर तपासण्यात वेळ गेला. आता अजून एक वर्ष शिकवायचं आणि निघायचं, असा नियम आहे.

मोठ्या प्रोफेसरांची बायको केक घेऊन आली. "अगं, वर्षभर पगार आहेच की!" म्हणाली.

"आणि वर केक!" एव्हरेट हसला. पण केकला हातही लावला नाही.

काल त्यानं आपली सगळी पुस्तकं पोरांना वाटून टाकली. विचारलं तर म्हणतो, "मला आता कशाला लागतायत?"

जपून राहा.

तुझी लोरीन

वाचून दाखवणाऱ्या ओडेसाकाकू, इथून पुढचं आईला वाचून दाखवू नका. माझ्या भावाची, डॉयलची, शिकारीची बंदूक आमच्या कपाटात आहे. मी इथून फोनवर बोलले तर एव्हरेट ऐकेल. तुम्हीच डॉयलला फोन करा, शिकारीला हवी म्हणून आजच घेऊन जा म्हणावं.