ताम्सिनची कर सवलत

५ नोव्हेंबर, मंगळवार

ताम्सिनला कर सवलत मिळाली, तर माझ्या पोटात का दुखावं? सकाळपासून उत्तर शोधतेय.

झालं असं — आम्हा सल्लागारांची व्हिडिओवर बैठक होती. ताम्सिन म्हणाली, "अगं, घरून काम करते म्हणून कर खात्यानं सवलत दिली! वीज, गॅस, सगळं धरून. अर्ज पोस्टात टाकला, झालं." वर्षाला बासष्ट पौंड. फार नाहीत. पण तिच्या मागे ती खोली दिसत होती — स्वतःचं दार असलेली, खिडकीत टेकडी. माझ्या मागे आईचं इस्त्रीचं टेबल आणि वाळत घातलेली बाबांची कारखान्याची पँट. कॅमेरा जरा वर केला. मग माझं कपाळ आणि छत एवढंच उरलं.

दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलो. भाडेकरूंना फोनवर सल्ला द्यायचा. काम तेच, पगार तोच!

७ नोव्हेंबर

मीही अर्ज काढला. त्याआधी पात्रतेचा प्रश्न: घरून काम करावं लागतं, की तुम्ही ते निवडलंत?

निवडलं! मार्चमध्ये ग्विलिम — आमच्या संस्थेचे प्रमुख — म्हणाले, ऑफिसचा वरचा मजला सोडला तर भाडं वाचेल, आणखी एक फोन लाइन सुरू करता येईल. कोण घरून काम करेल? मी सगळ्यांच्या आधी हो म्हटलं. कागदावर सही केली — "स्वेच्छेने". किती अभिमान वाटला होता त्या शब्दाचा!

ताम्सिनची नेमणूक तिकडे वर, बिल्थच्या डोंगरी गावांसाठी. तिथंच राहायचं ही नोकरीची अट, आणि तिथं ऑफिस नाही. म्हणून ती पात्र. माझं ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, लानेल्लीच्या बाजारात. मी अपात्र.

त्याग मी केला. सवलत तिला. वा!

८ नोव्हेंबर

जेवताना आईला सांगितलं. ती शाळेत पोरांना जेवण वाढते. म्हणाली, "रोज ऐकते मी हे. तिला कस्टर्ड जास्त, मला कमी! पण ती पोरं सहा वर्षांची असतात."

बाबा म्हणाले, "घरातली पहिली पदवीधर, आणि कस्टर्डवर अडली."

दोघं पोट धरून हसले. मी ताट उचललं.

११ नोव्हेंबर

ग्विलिमना फोन केला. नियम अन्यायाचा आहे, एवढंच सांगायचं होतं. ते म्हणाले, "एवढंच ना? ऑफिसात जागा नाही, तुला आम्हीच घरी पाठवलं, असं पत्र देतो. जोड अर्जाला."

"पण मीच निवडलं होतं."

"कोण विचारायला येतंय, पोरी? फार सरळ आहेस तू. अशानं अल्सर होतो."

नको म्हणायला हवं होतं. "बघते," म्हटलं.

१२ नोव्हेंबर

ग्विलिमचं पत्र ईमेलनं आलं. घरात प्रिंटर नाही, म्हणून लायब्ररीत जाऊन छापलं. छापताना कागदावर हात धरून उभी होते, चोरासारखी.

१४ नोव्हेंबर

अर्ज आणि पत्र पाकिटात. वर तिकीट. पाकीट टेबलावर, माझ्या कोपराखाली.

दुपारी मिसेस प्रॉसरचा फोन. भिंतीला बुरशी, घरमालक दाद देत नाही. तक्रारीचा अर्ज आम्ही मिळून भरत होतो.

"जानेवारीपासून आहे असं लिहू का गं? जरा जोर येईल."

"खरं कधीपासून आहे?"

"मे."

"मग मे लिहा. एक गोष्ट खोटी निघाली की बाकीचं कुणी वाचत नाही."

"तुझं बरं आहे बाई. कोरड्या घरात बसून सांगायला काय जातं!" पण लिहिलं तिनं. मे.

फोन ठेवला आणि पाकीट फाडलं. तिकिटासकट. ग्विलिमना कळवलं — पत्र वापरणार नाही.

वाटलं होतं, आता हलकं वाटेल. छे! हेवा दुप्पट झाला. ताम्सिनला खरं लिहूनच मिळतं.

१५ नोव्हेंबर

बैठकीत ताम्सिननं नवा दिवा दाखवला. मी कॅमेरा बंद केला. नेट खराब आहे, म्हटलं. (ही थाप कुठल्या अर्जात मोडते?)

२० नोव्हेंबर

आज तिचाच फोन. नोकरी सोडतेय! जानेवारीत कार्डिफला.

"कंटाळले गं नेरिस. दिवसभर फोनवर लोकांचं ऐकायचं, आणि समोर माणूस नाही. परवा पोस्टमनला म्हटलं, या ना, चहा घ्या. घाबरून गेटबाहेर पळाला तो!" हसली. मग हसली नाही. "तुला निदान जेवलीस का म्हणून विचारणारं कुणी आहे."

कीव यायला हवी होती. मला हेवाच वाटला. त्या रिकाम्या घराचासुद्धा! कॉलेज स्वान्सीचं, तेही रोज ट्रेननं जाऊन-येऊन, रात्री जेवायला घरी. नोकरी लागली, ती दहा मिनिटांवर. आता तर तेवढंही चालत नाही. आई मधेच दार न वाजवता आत येते, सँडविच ठेवते, फोनवर कोण आहे ते खुणेनं विचारते.

बासष्ट पौंड! मी पंधरा दिवस बासष्ट पौंडांवर रडत होते.

२१ नोव्हेंबर

बैठकीत ग्विलिम म्हणाले, बिल्थला राहायला जाईल असं माणूस शोधा. तिथला हिवाळा वाईट असतो, नंतर मला बोल लावू नका.

२९ नोव्हेंबर

बिल्थची जागा मी मागितली. मिळाली. खोलीही घेतली — बेकरीच्या वर, पाच जानेवारीपासून. भाडेकरारावर सही काल करून आले, आईला आज सांगितलं. ती चहा ठेवायला उठली. बराच वेळ परत आली नाही.