संजूच्या वाटचा तुकडा

जयश्री,

तू पाण्याला गेलीस तेवढ्यात बंदरावरून फोन आला. संजूची होडी बुडाली त्या खडकांजवळ एक माणूस मिळालाय. ओळखायला मी एकटाच जातो.

अंजूने हट्टाने मागितलेला हेकरू टोपलीखाली आहे, खवले काढलेत. डोक्याचं कालवण कर, तुकडे तव्यावर परत. अंजूला शेजारी बसवून शिकव. खडकाच्या बिळात शिरण्याआधी हा मासा गळाने कसा ओढायचा, ते तिच्या बापाने शिकवलंच आहे.

माझा फोन येण्याआधी जेवून घ्या. सुतक लागलं तर घरात मासा शिजायचा नाय. तुझ्या घशाखाली उतरणार नाय गो, तरी पोरीसमोर दोन घास घे.

संजूचा तुकडा काढून ठेव.

तुझा सासरा