सतरा नंबरची टोपली

प्रिय चोंगआ,

तुझा निरोप मंगळवारी मिळाला आणि आज शनिवार. चार दिवस उत्तर नाही म्हणून मनातल्या मनात मला शिव्या घातल्या असशील. घाल, मी नको म्हणत नाही. तू लिहिलंयस, "बोराम, जपानात बसून दोन विद्यापीठांची मिळून एक पदवी घेतेयस, त्या शिकण्याचा गावाला काही उपयोग होऊ दे. आईचं नाव सोसायटीच्या यादीत परत लावा म्हणून कचेरीत अर्ज द्यायचाय, तो तू लिहून दे. माझ्या हातून कागदावर नुसता राग उतरतो." सुनावणी एकोणीस तारखेला आहे, हेही लिहिलंयस. मी चार वेळा अर्ज लिहायला बसले. अर्ज राहिला आणि हे पत्र सुरू झालं.

तुला मावशीचं, तुझ्या आईचं, नाव परत हवंय, बाकी काही नकोय, हे मला समजतं. सभासद गेला की बायका एक ओहोटी समुद्राच्या चिखलात शिंपले काढायला उतरत नाहीत, ती ओहोटी गेलेल्याची. मावशी गेली तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष तुला म्हणाले, "काय करू पोरी, यादीत नाव नाही. रीत सभासदांची आहे." दुसऱ्या दिवशी बायका माना खाली घालून उतरल्या आणि तू बांधावर उभी राहून बघत राहिलीस. फोनवर हे सांगताना तू रडलीही नाहीस. परीक्षा आहे म्हणून मी आले नाही असं तुला सांगितलं होतं. परीक्षा नव्हती गं. त्या आठवड्यात मला एकही तास नव्हता.

आधी इथलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमच्या वर्गात सात देशांची अठरा टाळकी. विषय एकच: माणसानं असं कसं जगावं की मागून येणाऱ्यांनाही काही उरेल. एक वर्ष आपल्या देशात, एक वर्ष इथे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, तू का आलीस? मी आपल्या चिखलाबद्दल सांगितलं. चारशे वर्षं एकच गाव एकाच चिखलातून शिंपल्यातल्या तिसऱ्या काढतंय, तरी त्या संपलेल्या नाहीत, म्हणून सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला काय चढलं होतं म्हणून सांगू! मावशीनं काढलेल्या तिसऱ्या आणि टाळ्या मला. तिनं दिलेली खारवलेल्या तिसऱ्यांची बरणी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उघडली, तेव्हा मात्र अर्धा मजला नाक धरून पळाला होता.

मागच्या वसंतात मी वर्गातल्या मिनोरीला घेऊन प्रबंधाच्या कामासाठी गावी आले, ते तुला आठवतच असेल. तू तेव्हा इंचनला नोकरीवर होतीस, दोनदाच भेटलीस. मिनोरी पहिल्याच दिवशी मांड्यांपर्यंत रुतली. मावशीनं मुळा उपटावा तशी तिला उपटून काढली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "इतकी शिकून तिसऱ्या मोजायला आलीस होय? आम्ही न शिकता मोजतो की!" आमच्या पद्धतीत प्रत्येकीचा माल वेगळा तोलायचा होता, चिखलातून बाहेर पाऊल टाकताक्षणी, दुसऱ्या कुणाचा हात लागायच्या आत. नावं लिहायची नाहीत, फक्त नंबर. मावशीनं संमतीच्या कागदावर सही केली तेव्हा तिचं ओ पोंगन्यो हे नाव मी जन्मात पहिल्यांदा वाचलं. माझ्यासाठी ती चोंगआची आईच होती. मी तिला म्हटलं, मावशी, काळजी करू नकोस, तुझं नाव कुठेही येणार नाही. तिचा नंबर सतरा होता.

तिचे गुडघे गेलेत हे तुला माहीत होतं, पण किती गेलेत ते तिनं तुला कळू दिलं नसणार. चार तास चिखलात घालवून ती टोपलीच्या बुडाशी दोन-तीन ओंजळी घेऊन यायची. मग सगळ्या जणी धुवायच्या जागी बसायच्या, आणि तिथे काय होतं ते तू लहानपणापासून बघितलंयस. कुणाच्या सुनेची चेष्टा चाललेली, कुणाच्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल चाललेली, आणि बोलता बोलता, न बघता, जिची टोपली भरली ती आपली टोपली शेजारणीच्या टोपलीत थोडी कलती करते. उठताना सगळ्यांच्या टोपल्या सारख्या. मावशीनं स्वतः तीस वर्षं अशीच दुसऱ्यांची टोपली भरली. याबद्दल कुणी कधी अवाक्षर काढत नाही. बोललं की ती भीक होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मिनोरी परकी, तिला दिसलं. तिनं विचारलं, "त्या काय करताहेत गं?" मी म्हटलं, काही नाही, धुताहेत.

चोंगआ, हे वाक्य मी का बोलले ते हजार वेळा स्वतःला विचारलंय. मला वाटलं, मी मावशीची लाज राखतेय. परक्या पोरीनं वहीत लिहावं, छापून यावं, की गावातली ही म्हातारी दुसऱ्यांच्या जिवावर टोपली भरते? माझा जीव गेला असता तरी मी ते लिहिलं नसतं. म्हणून तक्त्यात फक्त आकडे राहिले, धुवायच्या आधीचे. बाहेरच्या कुणी हे काम केलं असतं ना, तर त्यानं पहिल्याच दिवशी वाटणीचं पान लिहिलं असतं आणि तक्ता खरा झाला असता. मी गावची, म्हणून चुकले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

प्रबंधाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. आमचे कुराता सर म्हणाले, "फार स्वच्छ तक्ता आहे." आणि अभ्यास समाजाच्या उपयोगी पडला तर वेगळे गुण असतात आमच्यात, म्हणून मी त्याची एक प्रत आपल्या कचेरीत पाठवली. कुणी मागितली नव्हती. मी पाठवली, वर नम्र पत्र जोडून. आणि नंबर मी मूर्खासारखे सोसायटीच्या यादीच्याच क्रमानं दिले होते, म्हणजे यादी उघडली की सतरा कोण ते कळत होतं.

कचेरीचं पत्र आलं तेव्हा तू मला ते फोनवर वाचून दाखवलंस. "चिखलावरचा भार कमी करण्यासाठी", आणि त्याखाली, "यादीतील एकोणचाळीसपैकी सहा नावे केवळ नावापुरती आहेत." तू ओरडलीस, "कुठल्या मेल्यानं लिहिलंय हे? कधी चिखलात पाय तरी घातलाय का त्यानं?" मी म्हटलं, असेल कुणी कचेरीतला. ते वाक्य माझं होतं, चोंगआ. प्रबंधाच्या एकशे बाराव्या पानावरचं, शब्द न् शब्द माझं. तू ज्याला मेला म्हणालीस, ती मी.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण मला ते माझ्या हातानं लिहायलाच हवं. ती सहा नावं काढलीत, मावशीचंही, आणि ज्यांना हरकत असेल त्यांनी दहा दिवस मोजणी द्यावी, असं त्या पत्रात होतं. कारकून काटा घेऊन उभा राहिला तो थेट चिखलाच्या कडेला, धुवायच्या जागेच्या अलीकडे. माझीच पद्धत. मग बायका चिखलात आत जाऊनच मावशीच्या टोपलीत ओतायला लागल्या. दोन दिवस तिनं सोसलं, तिसऱ्या दिवशी खुरपं उगारलं: "माझ्या टोपलीला हात लावाल तर बघा! मी काय मेलेय?" आणि आठव्या दिवशी ती बाहेरच्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत गेली, जिथे तिच्या मदतीला कुणी पोचणार नाही. सकाळचे दहा वाजले होते. धुकं आलं. शिट्ट्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या, भरतीला काय ऐकू येतंय! ती सापडली तेव्हा टोपली कमरेला बांधलेली होती आणि काठोकाठ भरलेली होती, असं तू सांगितलंस. ती कुणी तोलली नाही.

मी रडतेय असं समजू नकोस. रडायचा हक्क तुझा आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते. अर्ज मी लिहिणार नाही, कारण अर्ज करणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. दोन्ही विद्यापीठांना मी कळवलंय की तक्ता अपुरा आहे, मी जाणूनबुजून एक गोष्ट लपवली, प्रबंध मागे घेते. पदवी बहुतेक जाईल, जाऊ दे. कचेरीचा सगळा निर्णय त्या तक्त्यावर उभा आहे आणि तो करणारीनंच खोटा म्हटलं तर त्यांना ऐकावं लागेल. पण नुसतं 'चुकला' म्हणून भागणार नाही, काय चुकलं ते सांगावं लागेल. आपल्या चिखलात एकटीची टोपली नसतेच, हे भर सभेत बोलावं लागेल. मावशीच्या टोपलीत दुसऱ्यांच्या तिसऱ्या पडत होत्या, हे अध्यक्षांसमोर, कारकुनासमोर, सगळ्या गावासमोर. जे कुणाला कळू नये म्हणून ती त्या पट्ट्यावर गेली, तेच. ते सांगितलं तर नाव परत येईल, नाही सांगितलं तर येणार नाही. एकदा मी तिला न विचारता गप्प बसले. या वेळी न विचारता बोलणार नाही, आणि ती नाही म्हणून तुला विचारतेय. हो किंवा नाही, एवढंच कळव. मी सतरा तारखेला येतेय, धक्क्याजवळच्या खानावळीत उतरेन, घरी बोलावू नकोस. एकोणीसला तुझ्या शेजारी माझ्यासाठी जागा धरू नकोस. यादीतून नाव ज्यांनी काढलं त्यांच्या बाकावर बसेन, आणि माझं नाव पुकारलं की तिथूनच उठेन.

तुझी होते, आता काय म्हणायचं ते तू ठरव,
बोराम