मागच्या दोऱ्यांची गाठ

रविवार, संध्याकाळ. केळवे-माहीम.

आठवडाभर माझा काइटसर्फिंगचा पतंग वर गेला की मागच्या मागे कोसळत होता, आणि मी वाऱ्याला शिव्या घालत होते. आज बाबांनी जाळ्याचे दोर ताणतात तशा चारही दोऱ्या सुरूच्या झाडाला बांधून ताणल्या. पुढच्या दोन्ही बोटभर वाढलेल्या, म्हणून मागच्या आखूड पडून पतंगाला मागे ओढत होत्या!

"जोर पडतो तो दोर वाढतोच. मागच्या दोऱ्या दोन गाठींनी लांबव," बाबा म्हणाले.

लांबवल्या. पतंग वर स्थिरावला, पण वळायला सुस्त. मला लाटेवर झटकन वळणारा लागतो. मग न विचारताच एका गाठीनं परत आखूड केल्या. काय वळला!

होडीवर दुसऱ्यानं मारलेली गाठ बाबा ठेवतच नाहीत. सोडून पुन्हा मारतात. माझी गाठ त्यांनी नीट चाचपली.

"ऱ्हाऊ दे तशीच," म्हणाले.