पहिल्या हाकेला

आई, तुला वाचता येत होतं, पण तू वाचायचीस ते फक्त वाण्याच्या पुड्यांचे कागद. पुडी डब्यात रिकामी करायची, चुरगळलेला कागद तळव्यानं ओट्यावर सपाट करायचा आणि त्यावरची अर्धीच बातमी मन लावून वाचायची. पुढं काय झालं ते कधी कळायचं नाही आणि तुझं त्यावाचून अडायचंही नाही. मी लिहितेय तेही तसंच समज. मला सगळं सांगता येणार नाही, आणि काही गोष्टी तुला माझ्याआधीच ठाऊक आहेत.

बजाजनगरच्या त्या दोन खोल्या मला अजून वासावरून आठवतात. बाबा कंपनीतून आले की मशीनच्या तेलाचा वास यायचा आणि तुझ्या ओट्यापाशी भाजलेल्या ज्वारीचा. तू भाकरी थापतेयस, मी दारात बसून गृहपाठ करतेय, आणि मध्येच तू मान वळवून म्हणतेस, "आले गं ताई." बाहेर कुणी नाही. तुझी ताई, म्हणजे माझी मावशी, पैठणला वारली त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. आधी मी हसायचे. मग तू भाकरी तव्यावर टाकून दाराशी जाऊन उभी राहायला लागलीस, तेव्हा हसू गेलं. आणि एका दुपारी मी शाळेतून आले तर घरात करपल्याचा धूर आणि दार सताड उघडं. तू पैठणच्या एसटीत बसून गेली होतीस. मामाला तू नदीच्या घाटावर सापडलीस, पायऱ्यांवर, पाय पाण्यात सोडून. त्यानं तुला घरी आणून सोडलं. तू म्हणालीस, "ताईनं हाक मारली म्हून गेले. आपल्या माणसानं हाक मारल्यावर जाऊ नाय का?"

अवचित आलेल्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ती हाक माणसाची असेलच असं नाही, म्हणतात. पण ते रात्रीपुरतं असतं. बाबांनी ते दिवसासाठीही लागू केलं. घरात कुणी कुणाला बोलवायचं तर तीनदा हाक मारायची आणि तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची, म्हणजे तुला खरी हाक आणि ती दुसरी हाक यातला फरक कळेल. शेजारणींना सांगून झालं. दूधवालाही दारात तीनदा ओरडायला लागला. गल्लीतली पोरं आम्हाला चिडवायची, तेही तीनदा. बाबांना मी दोष देत नाही. माणूस अंधारात जे हाताला लागेल ते धरतो. सुट्टीच्या गुरुवारी ते तुला दर्ग्यात नेऊन जाळीजवळ बसवायचे, तिथं तुला शांत वाटायचं. मनाच्या दुखण्यालाही डॉक्टर असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं असतं तरी लोक काय म्हणतील हे आडवं आलंच असतं.

फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. तू स्वतः कधीच तीनदा हाक मारली नाहीस. तू एकदाच "बयो" म्हणायचीस आणि वाट बघायचीस. पुढं आतल्या खोलीला बाहेरून कडी बसली, बाबा कामावर असले की ती लागलेली असायची, आणि तू आतून एकदा हाक मारायचीस. मी तिसऱ्या हाकेची वाट बघत बाहेर बसलेली असायचे, कारण मला तसं शिकवलं होतं. दुसरी हाकही यायची नाही. एकदा मात्र दाराला तोंड लावून तू म्हणालीस, "जित्तेपणी नाय तर काय मेल्यावर ओ देशील?" मी धावत जाऊन कडी काढली. तू खाली बसली होतीस आणि तुला फक्त पाणी हवं होतं. पुढं छातीच्या आजारानं गेलीस, तेव्हा मात्र दवाखान्यात कुणाला काही लपवावं लागलं नाही. छातीला कोण नावं ठेवतं?

आता मी पुंडलिकनगरात राहते आणि वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात काम करते. गुरुवार काही सुटला नाही बघ. दर गुरुवारी तिथं मनाच्या आजारांसाठी डॉक्टरीणबाई येतात, औषधं फुकट मिळतात, आणि घरोघर फिरून ज्यांना गरज आहे त्यांना तिथवर आणायचं हे माझं काम. दुपारी आजारी माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची बैठक असते समाजमंदिरात. नुसतं बोला म्हटलं की माणसं गप्प होतात, म्हणून आम्ही सतरंजीवर भाजी निवडायला घेतो. ज्याच्या घरची भाजी असेल तो ती घेऊन येतो. हाताला काम असलं की तोंड उघडतं. दर्ग्यात जाणाऱ्यांना आम्ही अडवत नाही. दुवा सुरू ठेवा, गोळीही चुकवू नका, एवढंच सांगतो. आणि त्या खोलीत एक नियम मी घातलाय, तो का घातलाय ते कुणाला ठाऊक नाही. कुणी हाक मारली की पहिल्या हाकेला ओ द्यायची.

बैठकीला एक खाला येतात, शिंपीकाम करणाऱ्या घरातल्या. त्यांनाही आवाज यायचे, आता गोळ्यांनी पुष्कळ कमी आहेत. मागच्या उन्हाळ्यात शेंगा सोलता सोलता त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "बाजी, किसकू ओ बोले तुम? किसीने तो बुलाया नई."

मी चेष्टेवारी न्यायला बघितलं, पण शेंग हातातून पडली. आई, तुझी हाक वर्षभर येत होती. आमच्याकडं नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते काय सांगायचं, पण यायच्या आधी नळ नुसता हवा सोडतो, सूं करून, आणि त्या आवाजाच्या आत तू "बयो" म्हणायचीस. एकदाच. मला बयो म्हणणारं तुझ्यामागं जगात कुणी उरलेलं नाही. मग ती हाक नळाशिवायही यायला लागली, झोप उडाली, आणि एका दुपारी माझे पाय आपसूक बसस्टँडकडं वळले. पैठणची गाडी लागलेली होती. मी दांडा धरला होता. कंडक्टर म्हणाला, चढायचं तर चढा, आणि मी घामाघूम होऊन मागं फिरले. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला आजाराची भीती नव्हती. मला त्या कडीची भीती होती.

खालाच मला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेल्या, मी त्यांना नेते तशाच. ओळीत बसवलं, पाणी दिलं. बाईंनी विचारलं, आवाज काही करायला सांगतो का. मी म्हटलं, नाही, नुसती हाक. गेलेल्या माणसाची हाक ऐकू येणं म्हणजे दर वेळी आजार नसतो, त्या म्हणाल्या, पण झोप गेलीय आणि पाय बसस्टँडला जातायत तर थांबून चालणार नाही. घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं, तुझ्यासकट. ती रडली. दुसऱ्या दिवशी तिनं सुताराला बोलावून माझ्या खोलीची बाहेरची कडी काढून टाकली. स्क्रूची भोकं तेवढी राहिलीत. येता-जाता त्यांवर बोट फिरवते मी.

गोळ्या चालू आहेत. झोप लागते. बसस्टँडवरून जाते तेव्हा पैठणची गाडी नुसती गाडी असते.

हे पाठवायचं तरी कुठं? वाण्याला पुड्या बांधायला द्यावं, तर तो हल्ली सगळं प्लास्टिकमध्ये देतो. उशीखालीच राहील. पण एक सांगून ठेवते. काल दुपारी पाणी आलं. नळानं सूं केलं, मी बादली लावून कान दिला, आणि आत कुणीच नव्हतं. नुसती हवा. मला एवढं रडू आलं की तू गेलीस तेव्हाही आलं नसेल. आणि मग मी नळाकडं बघून मोठ्यानं ओ दिली. लेक आतून म्हणाली, "मम्मी, कुणाला गं?"

कुणाला नाही, म्हणाले मी.