ग्रंथपाल व्हा, घरबसल्या

४ जून
बत्तीस अभ्यासक्रम! वीस तारखेच्या आत सगळ्यांची माहिती लिहून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवायची आहे. गजेंद्र सर — आमच्या ऑनलाइन विभागाचे समन्वयक — टेबलावर फायलींचा गठ्ठा ठेवत म्हणाले, "दीडशे शब्द, मॅडम. त्यापुढं कोणी वाचत नाही. तुमची मागच्या वर्षीची लायब्ररीची ओळ आठवा. तशी पाहिजे!"

'पुस्तकांवर जीव आहे? ग्रंथपाल व्हा — घरबसल्या!' ती ओळ माझी. एकसष्ट प्रवेश झाले होते. कॉलेजात असल्यापासून कविता लिहिते. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझी सगळ्यांत जास्त वाचली गेलेली ओळ हीच. आज ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

६ जून
पाच झाले. 'उज्ज्वल भविष्य' तीनदा आलं. खोडलं.

८ जून
दुपारी फोन. माहितीच्या खाली माझाच मोबाइल नंबर छापतात, म्हणून असे फोन येतात.

"मी साखरखेर्ड्याहून शाइस्ता बोलून राह्यली, मॅडम."

मागच्या वर्षीची विद्यार्थिनी. लायब्ररीचा कोर्स, पहिल्या वर्गात पास. गावातलं वाचनालय अकरा वर्षं तीच उघडते, तीच झाडते. ग्रंथपाल रामराव ऑगस्टमध्ये निवृत्त होतायत. वाचनालयाची समिती तिला म्हणाली होती — प्रमाणपत्र आण, जागा तुझी. तिनं आणलं. पण समितीनं ते सरकारी कार्यालयात तपासायला पाठवलं, तर शेरा आला — या पदाला हे प्रमाणपत्र चालत नाही.

रडली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "मले एकच सांगा. ते 'ग्रंथपाल व्हा' कोनं लिवलं?"

मी म्हणाले, "ते कार्यालयातून येतं."

९ जून
गजेंद्र सरांना विचारलं. ते हसले. "आपण कुठं म्हटलंय की नोकरी लागेल? घरी चार पुस्तकं कपाटात लावली तरी माणूस ग्रंथपालच की!" मीही हसले. का हसले?

अशी काही अट आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

१० जून
कालची शेवटची ओळ खोटी आहे. मला ठाऊक होतं. फाइलीच्या सातव्या पानावर स्पष्ट होतं — 'हे प्रमाणपत्र ग्रंथपालपदासाठी ग्राह्य नाही.' माझ्या पहिल्या मसुद्यात ते वाक्य होतंही. दीडशेच्या वर शब्द गेले म्हणून मी ते काढलं. 'घरबसल्या' काढलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानं ओळीची लय गेली असती.

इथं, जिथं दुसरं कोणी वाचत नाही, तिथंही मी खोटं लिहिते!

१४ जून
रजा टाकून साखरखेर्ड्याला गेले. चिखलीला गाडी बदलली. तिला सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून गेले होते.

वाचनालय म्हणजे एकच लांब खोली. शाइस्ता छत्तिशीची असेल. छकुली नावाच्या मुलीला दरडावत होती — "हे पान कोनं खाल्लं वं? बकरीनं का तुनं?" छकुली म्हणाली, "बकरीनं! मी भाजीपोळी खाल्ली." सगळे हसले. शाइस्तानं ते पान लगेच खळ लावून जोडलं. बोटं किती हळू फिरवत होती त्याच्यावरून!

तिचे सासरे रहेमतुल्लाचाचा खिडकीपाशी पेपर वाचत होते. मी विद्यापीठातली, हे कळल्यावर त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, नोकरी जाईना का. पन समितीवाले म्हनतात, शाइस्तानं माहिती नीट वाचली नसंल. अहो, मीच मोठ्यानं वाचली व्हती! दोन खेप! त्यात अट नव्हतीच. जिनं सारं गाव वाचाले लावलं, तिलेच वाचता येत नाई म्हनून राह्यले."

"अब्बा, त्यांचा काय दोष?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, विद्यापीठानं दोन ओळी लेखी द्याव्या, का माहितीत ही अट नव्हती. एवढं आनलं तं समिती वर्षभर थांबते. तवर मी मान्य असलेला कोर्स करून घेईन."

"बघते," म्हणाले. चहा घेतला. परत आले.

१५ जून
नाही सांगितलं.

१७ जून
गजेंद्र सर — "विद्यापीठ असं काही लेखी देत नसतं. एकीला दिलं की एकसष्ट जण दारात उभे राहतील." दारापर्यंत जाऊन परत वळले. "आणि मॅडम, तीस तारखेला तुमचा करार संपतो. नव्या करारावर सही साहेबांसमोर करायची आहे. तेवढं ध्यानात असू द्या."

आवाज मऊ होता. धमकी म्हणावी तर तशी नव्हती. त्यांनाही मुलंबाळं आहेत.

१९ जून
लायब्ररीच्या कोर्सची माहिती नव्यानं लिहिली. पहिलं वाक्य — 'या प्रमाणपत्रावर ग्रंथपालाची नोकरी मिळत नाही.' दुसरं — 'पुस्तकं कशी लावावीत, कशी नोंदवावीत, फाटली तर कशी सांधावीत, हे मात्र नीट शिकवलं जातं.' सत्तर शब्दांत झालं. ज्याला घ्यायचा आहे, तो हे वाचूनही घेईल. मागच्या वर्षी हे एवढं कठीण का वाटलं?

सरांनी वाचलं, फाइलीत ठेवलं. चढवलं की नाही, अजून बघायचा धीर नाही.

२१ जून
विद्यापीठ देत नाही, तर मी देते. माझ्या नावानं. पत्र लिहायला बसले.

२२ जून
चौथा मसुदा. पहिल्यात स्वतःची कीव होती. दुसऱ्यात कार्यालयावर ढकललं होतं. तिसरा कोरडा, सरकारी. आता जमतंय.

२४ जून
झालं. 'शाइस्ता यांच्या वाचण्यात काहीही चूक नाही. चूक माझ्या लिहिण्यात आहे. त्यांनी शब्दांवर जेवढा विश्वास ठेवला, तेवढी काळजी मी ते लिहिताना घेतली नाही.' खाली नाव, सही, तारीख. हे शेवटचं वाक्य मी तीन-चारदा वाचलं. चांगलं उतरलंय.

टपालानं पाठवलं. फोटोही मोबाइलवर पाठवला. तासाभरानं तिचं उत्तर — 'मले वाटलं नव्हतं, तुमी असान.'

एवढंच.

२८ जून
सकाळी रहेमतुल्लाचाचांचा फोन.

"बाई, काल समितीत पत्र वाचलं. सारे म्हनले, काय सुंदर लिवलंय!"

"मग?" मी विचारलं.

"पन इश्वास नाई बसला कोनाचा. म्हनले, सोताच्या चुकीवर इतकं गोड कोनी लिवते का? शाइस्तानंच मॅडमच्या हातापाया पडून लिवून घेतलं असंल." मग म्हणाले, "आधी म्हनत, वाचता येत नाई. आता म्हनून राह्यले, लबाड हाय. परवा पुन्हा बसनार हायेत, जागेचं पक्कं करायले."

"शाइस्ता कुठंय?"

"वाचनालयात. दुसरं कुठं जाईल?"

पत्र किती वेळा घासलं, पुसलं मी! दहा वेळा? तिच्यासाठी घासत होते, की माझ्यासाठी?

२९ जून
उद्या अकराला साहेबांसमोर माझी सही आहे. उद्या अकरालाच साखरखेर्ड्याला समिती बसते.

चिखलीची गाडी सकाळी सहाला सुटते. कागद नेणार नाही. समोर उभी राहून तोंडानं सांगणार. नीट सांगता आलं नाही, तर तसंच सांगणार.